न आलेलं मत: साताऱ्याकडच्या एका दारूबंदी पत्रकाचा प्रकरण अभ्यास

पत्रक माझ्या हातात आलं तेव्हा छापूनही झालं होतं. पाचशे प्रती, गुलाबी कागद, वर ठळक टायपात 'जागी हो माउली!' लिहिणारी माझ्याच वर्गातली. मी साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवतो आणि अलंकारांत ही मुलगी वर्गात पहिली. दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत कधीकधी मीही अडखळतो, ती अडखळत नाही.

तिच्या आत्याचं गाव साताऱ्यापासून एसटीनं तासाभरावर. गावाचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. तिथे देशी दारूचं परवान्याचं दुकान आहे. आत्या आणि तिच्या बचत गटातल्या बायकांनी ते बंद व्हावं म्हणून सह्या गोळा केल्या. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला मतं हवीत ती झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदार बायकांच्या निम्म्याहून जास्त. हे वाक्य वाचकांनी डोक्यात ठेवावं. आमच्या डोक्यात ते फार उशिरा शिरलं.

मतदानाची तारीख ठरली आणि आत्या भाचीला म्हणाली, "तू येवढी शिकतीयास, एक कागूद लिवून दे."

गुलाबी पत्रक

त्यातला मुख्य मजकूर असा होता:

"दारू ही दारिद्र्याची दासी, दुःखाची दाई आणि दुर्दशेचे द्वार! संसाराच्या सोन्याची राख करणारी ही राक्षसीण आपल्या उंबऱ्यावर उभी आहे. जणू काळच बाटलीत भरून विकला जात आहे! माउलींनो, अजून किती दिवस सोसणार? अजून किती दिवस रडणार? अजून किती दिवस गप्प बसणार? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या जिल्ह्यातल्या लेकी तुम्ही! गाव करील ते राव काय करील!"

परीक्षेत मी पैकीच्या पैकी दिले असते. 'द'चा अनुप्रास आहे. दारू आणि दासी एकच मानल्या, म्हणजे रूपक. निर्जीव दारू उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, म्हणजे चेतनगुणोक्ती. 'जणू' आला की उत्प्रेक्षा, हे आमच्याकडे आठवीतलं पोरही सांगतं. 'अजून किती दिवस' तीनदा वाक्याच्या सुरुवातीला आलंय. अशा आवृत्तीला ग्रीक वक्तृत्वशास्त्रात अॅनाफोरा म्हणतात आणि सभेतला कसलेला वक्ता नाव माहीत नसतानाही ती वापरतो. शेवटी म्हण.

तीन दिवसांनी आत्याचा फोन आला. "सर, कागूद लई झ्याक हाय. बायकांनी वाचला आन् चुलीम्होरं ठिवला." पुढे काय, असं विचारल्यावर ती नुसती हसली.

रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. देवळाच्या मंडपात आठ-दहा बायका जमल्या होत्या. मुलीनं पत्रक मोठ्यानं वाचलं, छान वाचलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चाळिशीतल्या एका बाईनं विचारलं, "ह्ये किती दिवस सोसणार, ते आमाला इचारलंय का त्येला?"

"तुम्हालाच, काकी."

"मंजे सोसायचं आमीच आन् जाबबी आमीच द्यायचा व्हय?"

त्या एका प्रश्नानं माझा पुढचा महिना खाल्ला. वर्गात आम्ही शिकवतो, की 'किती दिवस सोसणार?' हा खरा प्रश्न नव्हे; उत्तर गृहीत धरलेलं असतं आणि अर्थ 'आता सोसू नका' असा. आपल्याकडे यासाठी जुना, नेमका शब्द आहे: काकु. आवाजाच्या चढउतारानं वाक्याचा अर्थ फिरतो तो काकु. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं वक्रोक्तीचे, म्हणजे एकाच्या बोलण्याचा दुसऱ्यानं वेगळाच अर्थ लावण्याचे, दोन प्रकार सांगितले, एक श्लेषावर, म्हणजे एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभा, दुसरा काकूवर. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, की या प्रश्नाचा जीव आवाजात आहे. आम्ही तो गुलाबी कागदावर छापला. कागदाला आवाज नाही, मग वाचणारी आपल्याच घरातला आवाज त्याला जोडते. सासू, नवरा, दीर ज्या सुरात 'अजून किती वेळ लावणार?' विचारतात तोच सूर. लिहिणारीला तो प्रश्न हाक वाटत होता, वाचणारीला तो ठपका वाटला.

दुसरा धक्का एका म्हाताऱ्या आजीनं दिला. तिला वाचता येत नव्हतं, तिनं फक्त ऐकलं होतं. "दारू बाई, दासी बाई, दाई बाई, राक्षसीण बाई. पिणारा बाप्या कुटं हाय ह्यात?"

मराठीत दारू स्त्रीलिंगी आहे, म्हणून तिची रूपकंही आपसूक स्त्रीलिंगी होतात. आम्ही रूपक शिकवतो ते 'उपमेय आणि उपमान यांत भेद नाही' इथवर. पण उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करतो ते, येताना एकटं येत नाही, त्याच्यासोबत त्याचं लिंग, जात, प्रतिष्ठा, सगळा गोतावळा येतो. बाईच्या छळाबद्दलच्या पत्रकात छळणारी चारही पात्रं बायकाच निघाली आणि ज्याच्या हातात ग्लास आहे तो पुरुष व्याकरणाच्या आडोशाला सुखरूप बसला. 'दाई' हा शब्द तर निव्वळ अनुप्रासाच्या हट्टापायी आला. आमच्या भागात तिला सुईण म्हणतात आणि सुईणीचं नाव कुणी वाकड्या तोंडानं घेत नाही. मंडपातल्या एकीची आजी सुईण होती, हे आम्हाला चहाच्या वेळी कळलं.

नाना पाटलांचा उल्लेख तेवढा उपयोगी पडला, तोही भलत्याच ठिकाणी. पारावरच्या एका आजोबांनी तो वाचून आधी चूक काढली, की नानांचं येडेमच्छिंद्र आता सांगली जिल्ह्यात. मग स्वतःच समजूत घातली, की दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, नानांच्या इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या वेळी सगळा एकच सातारा. आणि मग तास-दीड तास त्या काळाच्या ऐकीव गोष्टी सांगितल्या: गावोगावी न्यायनिवाडे कसे होत, दारू कशी बंद केली होती. त्यांच्यावर पत्रकाचा परिणाम झाला, यात शंका नाही. पण मतदान बायकांचं होतं.

पांढरं पत्रक

आम्ही गावात असतानाच दुसऱ्या बाजूचं पत्रक फिरत होतं. साधा पांढरा कागद, खाली 'समस्त ग्रामस्थ', कुणाचीही सही नाही.

"आम्ही दारूच्या बाजूने नाही, गावाच्या शांततेच्या बाजूने आहोत. दुकान कायदेशीर आहे, त्याला परवाना आहे. ते बंद झाले तर हातभट्टी येईल. आमच्या माताभगिनी भोळ्या व मायाळू आहेत, म्हणूनच बाहेरचे लोक त्यांचा वापर करून घेतात. गाव करील ते राव काय करील!"

एसटीत परतताना मुलगी म्हणाली, "सर, ह्यात एकही अलंकार नाही. तरी आपल्यापेक्षा बरं का वाटतंय?"

मी म्हटलं, अलंकार नाहीत असं तुला वाटतंय, तीच त्या लिहिणाऱ्याची कमाई. पुन्हा वाच.

वाढे फाटा येईपर्यंत तिनं एक-एक करून उकललं. 'दारूच्या बाजूने नाही, शांततेच्या बाजूने' ही अपन्हुतीची चाल: समोर जे आहे ते नाकारायचं आणि ते दुसरंच काही आहे असं ठासून सांगायचं. कडक परीक्षक याला अपन्हुती म्हणणार नाही हे मला मान्य, कारण त्या अलंकारात उपमेय-उपमान लागतात आणि हेतू सौंदर्याचा असतो. पण मनावर होणारी क्रिया तीच. एकदा दुकान म्हणजे शांतता झालं, की दुकानाविरुद्ध बोलणारी आपोआप भांडखोर ठरते. इथे नावापेक्षा चाल ओळखणं महत्त्वाचं.

'भोळ्या व मायाळू' ही चोख व्याजस्तुती: वरून स्तुती, आत निंदा. ही उलगडताना मुलगी चिडली, कारण 'बाहेरचे लोक' म्हणजे ती होती.

'कायदेशीर' या शब्दावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वाक्छल नावाचा प्रकार आहे. त्याचं जुनं उदाहरण मराठीतही जसंच्या तसं चालतं. एकजण म्हणतो, या मुलाकडे नवकंबल आहे, म्हणजे नवं कांबळं. दुसरा म्हणतो, नऊ कांबळी कुठायत, मला तर एकच दिसतं! शब्द एक, अर्थ दोन, आणि सोयीचा अर्थ मध्येच गुपचूप बदललेला. पत्रकात 'कायदेशीर' एका अर्थानं आत येतो, परवाना आहे. आणि दुसऱ्या अर्थानं बाहेर पडतो, म्हणजे योग्य आहे, हात लावू नका. पण ज्या नियमानं परवाना मिळतो तसाच नियम मतदानालाही आहे. मग मागणी करणाऱ्या बायका बेकायदा कशा?

हातभट्टीचा मुद्दा मात्र चलाखी म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. तो खरा पूर्वपक्ष होता, म्हणजे आपलं म्हणणं मांडण्याआधी प्रामाणिकपणे मांडून उत्तर द्यायला हवं असं समोरच्याचं म्हणणं. गुलाबी पत्रकात त्याला एक शब्दही उत्तर नव्हतं. उत्तर पुढच्या रविवारी आत्याच्या तोंडून आलं, भाकरी थापता थापता: "यील की हातभट्टी. पर हातभट्टी आली तर पोलिसाला फोन करता येतोय. ह्या दुकानावर कुनाला बोलवायचं? त्येच्याकडं तर सरकारचा कागूद हाय."

माझ्याकडे अशा वाक्याला द्यायला नाव नव्हतं, अजूनही नाही.

म्हण दोन्ही पत्रकांत एकच, हे आमच्या लक्षात सगळ्यात शेवटी आलं. विशिष्ट गोष्टीला सर्वसामान्य वचनाचा टेकू देणं हा अर्थान्तरन्यास. म्हणी जन्मतात त्याच कामासाठी. पण जी म्हण दोन्ही बाजूंना तितकीच लागू पडते ती कुणाचाच पुरावा नव्हे. 'गाव' म्हणजे कोण, एवढंच काय ते ठरवायचं राहतं आणि म्हण नेमकं तेच ठरवत नाही.

पांढऱ्या पत्रकाबद्दल आणखी एक. दुकानापायी घरांत जे होतं त्याबद्दल काय करायचं, यावर त्यात चकार शब्द नव्हता. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत: खरं शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता फक्त समोरच्याला पाडण्यासाठी वितंडा. मराठीत आपण वितंडवाद हा एकच शब्द करून ठेवलाय आणि कुठल्याही कंटाळवाण्या भांडणाला तो चिकटवतो. मूळ व्याख्या फार धारदार आहे. तिनं पाहिलं तर ते पत्रक शुद्ध वितंडा होतं, आणि आमचं गुलाबी पत्रक जल्प.

बाटलीचं चित्र

लक्षणा शिकवताना मी वर्गात ठरलेलं उदाहरण देतो: 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला.' १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा महाराष्ट्राच्या तोंडी बसलेलं वाक्य. अभिधेनं, म्हणजे शब्दशः, अर्थ लावला तर डोंगर पळत गेला असा होईल. वाच्यार्थ अडतो, म्हणून आपण त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेतो. कराडची-कोरेगावची मुलं हे चुटकीसरशी सांगतात.

मतपत्रिकेवरची बाटली हीसुद्धा लक्षणाच, फक्त चित्रातली. अडचण अशी, की तिचा अर्थ एकट्या मतपत्रिकेनं ठरत नाही, गावाच्या भाषेनंही ठरतो. त्याच आजीनं विचारलं, "आपन उबं ऱ्हायलोय न्हवं दारूच्या विरोधात? मग उब्या बाटलीवर शिक्का मारायचा का न्हाय?"

मराठीत उभं राहणं चांगलं, ठाम. आडवं येणं वाईट, अडथळ्याचं. आडवं पडणं तर त्याहून वाईट. भाषेचं सगळं वजन उभ्या बाटलीच्या पारड्यात होतं आणि मतं हवी होती आडवीला. ही गफलत आणखी किती जणींच्या मनात असेल कोण जाणे. गुलाबी पत्रकात बाटलीच्या चित्राचा उल्लेखच नव्हता.

यावर बायकांत बोलणं चाललं असताना एकजण म्हणाली, "अवो आजी, बाटली उबी असली की माणूस आडवा पडतोय. बाटली आडवी केली की माणूस उबा ऱ्हातोय." सगळ्या हसल्या. मुलीनं लगेच वहीत लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. अशा उलटसुलट रचनेला ग्रीक परंपरेत कायॅझमस म्हणतात. शाळेच्या अलंकारांच्या यादीत तिला स्वतंत्र जागा नाही. पण यमकासारखी ती नुसती कानाला गोड नाही. त्या वाक्यानं आजीच्या डोक्यातला 'उभा' शब्द बाटलीवरून काढून माणसावर ठेवला. गोंधळ ज्या शब्दामुळे झाला त्याच शब्दानं तो सोडवला. आणि आजीचा हरवलेला बाप्याही वाक्यात आला.

दुसरं पत्रक

यादीचं गणित आम्हाला इथेच उमगलं. आत्याच्या गटातल्या एका शिकलेल्या सुनेनं मतदार यादी आणली होती आणि ती नावांवर बोट फिरवत म्हणाली, "सर, ह्यातल्या निम्म्या पाहिजेत म्हणजे आपल्याला कुणाचं मन वळवायचंच नाहीये. मनं वळलेली आहेत. त्यांना घराबाहेर काढायचंय."

अॅरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात भाषणांचे तीन प्रकार केले: झालेल्या गोष्टीचा निवाडा करणारं, समोरच्या गोष्टीची स्तुती किंवा निंदा करणारं, आणि पुढे काय करायचं ते ठरवणारं. मी ते वर्षानुवर्षं तक्त्यासारखं शिकवलं. गुलाबी पत्रक दुसऱ्या प्रकारचं होतं, दारूची निंदा. आणि दारू वाईट, हे त्या मंडपात कुणालाच पटवायचं नव्हतं. हवं होतं तिसऱ्या प्रकारचं: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक चित्रावर. इथे भाषा सुंदर की साधी, हा प्रश्नच नव्हता. लेखनाचा जात-प्रकारच चुकला होता.

नवं पत्रक असं झालं:

"बाटली उभी, तर माणूस आडवा. बाटली आडवी, तर माणूस उभा.
शिक्का मारा पडलेल्या, आडव्या बाटलीवर.
यादीत जेवढ्या बायका, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. न आलेलं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं.
हातभट्टी येईल म्हणतात. आली तर ती बेकायदा, पोलिसांना बोलावता येईल. आज कुणालाच बोलावता येत नाही.
शेतावर जायच्या आधी शाळेत या."

मधल्या ओळीवर मुलीची आणि माझी चांगलीच जुंपली. आत्यानं सांगितलेलं मूळ वाक्य होतं, 'जी येणार नाही तिचं मत उभ्या बाटलीला.' जोरदार. मुलगी म्हणाली, सर, हे खोटं आहे. न आलेल्या बाईचं मत कुणालाच पडत नाही. मी म्हटलं, लक्षणा आहे, परिणाम तोच होतो. ती म्हणाली, मग 'कायदेशीर'ला वाक्छल म्हणायचा आपल्याला काय अधिकार? मला गप्प बसावं लागलं. 'कामी येतं' हे तिनं सुचवलं. जोर थोडा कमी झाला, पण कुणी उभं-आडवं विचारलं तरी ते वाक्य टिकलं असतं.

खाली सव्वीस जणींच्या सह्या आणि अंगठे छापले. न्यायशास्त्र शब्दाला प्रमाण मानतं ते 'आप्ता'च्या, म्हणजे विश्वासू आणि जाणत्या माणसाच्या शब्दाला. ग्रीकांचा इथॉस, म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता, त्याच्याच जवळपासचा. 'समस्त ग्रामस्थ' या सहीमागे कुणी नव्हतं. इथे प्रत्येक अंगठ्याला घर होतं. अंगठे छापायला छापखानावाला आधी तयार नव्हता, डाग दिसतील म्हणत होता.

निकाल

मतदान शांततेत झालं. सकाळी शाळेपुढे रांग लागली. मोजणीत आडव्या बाटलीची मतं उभ्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त भरली.

दुकान बंद झालं नाही. यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्यापर्यंत आकडा पोहोचला नाही. संध्याकाळी एकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर फटाक्यांच्या चित्रासह आलं, 'गावाने कौल दिला.' ज्या गावानं कौल दिला म्हणे, त्यातल्या काही जणींचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. काही मुली लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात नांदत होत्या, काही कुटुंबं कधीचीच पुण्याला गेली होती. नावं मात्र यादीत. न आलेलं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं, हे आम्ही जिवंत बायकांना उद्देशून लिहिलं होतं. मेलेल्यांनाही ते लागू आहे, हे लिहिताना सुचलं नाही.

पत्रकात काय चुकलं, असं मुलगी अजून विचारते. माझ्या मते दुसऱ्या पत्रकात फारसं काही चुकलं नाही. पत्रक जिथवर पोहोचू शकतं तिथवर ते पोहोचलं. यादीशी बोलायचं असेल तर दुसऱ्याच प्रकारचं लेखन लागतं.

सध्या ती आणि आत्या रविवारी यादी घेऊन घरोघर फिरतात. नाव वगळण्यासाठी निवडणूक विभागाचा नमुना ७ असतो. त्यात कारण लिहायचं: मयत, किंवा कायमचं स्थलांतर. मुलगी अर्ज भरते, घरचं कुणीतरी माहिती सांगतं. एक अर्ज आत्याच्या स्वतःच्या सासूच्या नावाचा होता. तो तिनं भाचीला भरू दिला नाही. चष्मा लावून, ओसरीवर बसून, एकेक अक्षर काढत स्वतः भरला.